जातं फिरतं, मग बाई हलते

जात्याला एकच हालचाल येते. खालचा दगड जागचा हलत नाही, वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरतो आणि खुंटा त्याच्याबरोबर वर्तुळ काढतो. हे लहान मूलही सांगेल. संगणकाला मात्र ते सांगावं लागतं, कारण पडद्यावर दिसणारं जातं, दगडावरच्या टाकीच्या खुणांसकट, आतून पोकळ असतं. हजारो बिंदू आणि त्यांना जोडणारे छोटे छोटे चौकोन यांचं ते नुसतं कवच. वरचा दगड वेगळा आणि खालचा वेगळा, हेही त्या कवचाला माहीत नसतं. म्हणून कुणीतरी खिळीची जागा ठरवतो. वरच्या दगडाने इथे फक्त फिरायचं, उचलायचं नाही, सरकायचं नाही, असं बांधून देतो. बाहेर एक गोल कडी ठेवतो. ती कडी फिरवली की दगड फिरतो. या बांधणीला ॲनिमेशनच्या धंद्यात रिगिंग म्हणतात, बांधलेल्या यंत्रणेला रिग, आणि बांधणाऱ्याला रिगर.

चित्रपटाच्या शेवटी सरकणाऱ्या नावांच्या यादीत रिगर मंडळी कुठेतरी मधोमध असतात. तोवर थिएटर बहुधा रिकामं झालेलं असतं. मला मात्र हे ॲनिमेशनमधलं सगळ्यात विलक्षण काम वाटतं. रिगर स्वतः काहीच हलवत नाही. काय हलू शकेल, किती हलेल आणि कोणाच्या सांगण्यावरून हलेल, एवढंच तो ठरवतो. त्याने ठरवलं की मग ॲनिमेटर येतो आणि जीव ओततो. पण ज्या हालचालीची सोय रिगमध्ये नाही, ती ॲनिमेटर कितीही मोठा कलावंत असला तरी त्याच्या हाती येत नाही.

गोदावरीकाठचं गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातलं संत जनाबाईंचं गाव. जनी दळायला बसली की विठ्ठल तिच्यासोबत दळू लागतो, ही कथा मराठी घरात वाढताना कानावर पडतेच. हाच प्रसंग आपण ॲनिमेशनमध्ये करायला घेऊ. एक जातं, एक खुंटा, खुंट्यावर दोन हात. एक जनीचा, एक देवाचा. आता पहिला प्रश्न असा, की कोण कोणाला हलवतं?

खऱ्या आयुष्यात उत्तर सोपं आहे. जोर खांद्यातून येतो, हाताने खुंटा ओढला जातो आणि दगड फिरतो. रिगमध्येही हाच क्रम ठेवून बघू. आधी खांदा काही अंश फिरवायचा, मग कोपर, मग मनगट, आणि पंजा जिथे जाईल तिथे जाईल. या पद्धतीला एफके म्हणतात. हवेत हात हलवणाऱ्या माणसासाठी ती उत्तम आहे. खुंटा धरलेल्या बाईसाठी ती कुचकामी ठरते, कारण खांद्यात अर्धा अंश इकडे तिकडे झाला तरी पंजा खुंट्यावरून निसटतो. एका फ्रेममध्ये बोटं लाकडात घुसतात, पुढच्या फ्रेममध्ये खुंटा आणि तळहात यांच्यात फट दिसते. सेकंदाला २४ फ्रेम. दोघांचे दोन हात. प्रत्येक फ्रेममध्ये हे हाताने जुळवत बसलं तर एका ओवीपुरतं दळण करायलाही महिने जातील.

म्हणून रिगर क्रमच उलटा करतो. आधी दगड फिरतो. दगड खुंट्याला नेतो, खुंटा पंजाला नेतो, आणि पंजा जिथे आहे तिथे पोचायचं तर कोपर किती वाकलं पाहिजे हे संगणक मागे जाऊन काढतो. याचं नाव आयके. जगात बाई जातं फिरवते. रिगमध्ये जातं बाईला हलवतं. आणि पाहणाऱ्याला यातली उलटापालट कधीच कळत नाही. मला वाटतं या सगळ्या विद्येचं मर्म इथेच आहे. आपला डोळा कारण तपासत नाही, तो स्पर्श तपासतो. हात खुंट्याला चिकटलेला आहे ना, पाऊल जमिनीवर टेकलेलं आहे ना, जू मानेवर बसलं आहे ना, एवढंच तो अतिशय कडकपणे बघतो. ते जुळलं की जोर कुठून आला याची गोष्ट मन स्वतःच रचून घेतं.

मागे जाऊन कोपर काढायचं गणित त्रिकोणमितीतलं आहे, कोसाइनचा नियम. समजा जनीचा दंड ३० सेंटिमीटर आणि कोपरापासून पंजापर्यंतचा हात २५ सेंटिमीटर. खांद्यापासून खुंटा ४० सेंटिमीटरवर असेल तर कोपराचा कोन सुमारे ९३ अंश येतो. ५० वर असेल तर १३१ अंश, ५४ वर १५८. आणि ५५ वर हात पूर्ण सरळ, १८० अंश. हे आकडे सावकाश पुन्हा बघा. ४० ते ५० या दहा सेंटिमीटरांत कोपर ३८ अंश उघडलं, आणि ५४ ते ५५ या शेवटच्या एका सेंटिमीटरात २२ अंश. म्हणजे हात सरळ व्हायला आला की खुंट्याच्या जराशा हालचालीने कोपर खाडकन ताठ होतं. पडद्यावर तो झटका फार वाईट दिसतो. प्रत्येक रिगरच्या आणि ॲनिमेटरच्या वाट्याला तो आलेला असतो.

त्यावर सॉफ्टवेअरमधले तोडगे आहेत, पण खरा तोडगा बाईच्या पाठीत आहे. जात्याच्या मध्यापासून खुंटा २० सेंटिमीटरवर धरला तर तो एका फेऱ्यात बाईपासून ४० सेंटिमीटर दूर जातो आणि परत येतो. जवळ असताना खांद्यापासून ४० वर असलेला खुंटा पलीकडे गेल्यावर ८० वर असेल. हात तर फक्त ५५ चा. उरलेलं किमान २५ सेंटिमीटरांचं अंतर कंबरेतून पुढे झुकूनच भरून काढावं लागतं. दळणाऱ्या बाईचं ते लयीत पुढे जाणं आणि मागे येणं आपण ओवीच्या ठेक्याशी जोडतो, आणि ते जोडलेलं आहेच. पण त्याच्या मुळाशी ही भूमिती आहे. जातं, खुंटा आणि हाताची लांबी यांनी मिळून ती झुलती हालचाल बाईच्या अंगात घातली आहे. रिग बांधायला बसलेल्याला ही गोष्ट पुस्तकातून कळत नाही. कोपर झटका देतं तेव्हा कळते.

आणखी एक बारीकसं आश्चर्य तुमच्या स्वतःच्या हातात आहे. तळहात टेबलावर घट्ट ठेवा, खांदा हलू देऊ नका, आणि कोपर वरखाली करून बघा. होतं ना? पंजा आणि खांदा दोन्ही पक्के असले तरी कोपराला एक स्वातंत्र्य उरतं. संगणकाला ही मोकळीक सहन होत नाही. कोपर कुठल्या बाजूला राखायचं हे त्याला सांगावं लागतं, म्हणून रिगर कोपरामागे हवेत एक लहानसा बिंदू ठेवतो आणि कोपराला त्याच्या दिशेने बघायला लावतो. जनीचं कोपर अंगाजवळ, समोर बसलेल्या विठ्ठलाचं जरा बाहेर. स्वभाव इथूनच सुरू होतो.

चित्र हलवण्याची मराठी परंपरा जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, पण त्याआधीच दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत कॅमेऱ्यात पकडली होती. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. १९३४ मध्ये ‘प्रभात’च्या ‘जंबूकाका’त रघुनाथ केळकरांनी काढलेला कोल्हा पडद्यावर आला. कागदावरच्या त्या कोल्ह्याला सांधे नव्हते. प्रत्येक चित्रात त्याचं ढोपर नव्याने काढलं जाई आणि ते बरोबर आहे की नाही हे फक्त चित्रकाराचा हात ठरवी. सांधा आधी बांधून ठेवायचा आणि मग हलवायचा, ही कल्पना बाहुलीवाल्यांची. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लाकडी बाहुलीला दोरा कुठे बांधायचा हे ठरवताना कळसूत्रीवाला नेमका रिगरचाच निर्णय घेत असतो. इथे दोरा बांधला तर मान झुकेल, तिथे बांधला तर हात उचलला जाईल, आणि जिथे दोरा नाही तिथली हालचाल कायमची गेली.

संगणकात हे यायला सुरुवात झाली ती एका हातापासूनच. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एड कॅटमल या विद्यार्थ्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा साचा घेतला, त्यावर सुमारे साडेतीनशे त्रिकोण-बहुकोन आखले, ते मोजून संगणकात भरले आणि बोटं मिटवून दाखवली. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७६ मध्ये आकृतीच्या आत काड्यांचा सांगाडा घालून तिला वाकवण्याची पद्धत मांडली. कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. १९८६ च्या ‘लक्सो ज्युनियर’मध्ये पिक्सारने टेबलावरचे दोन दिवे हलवले आणि लोक त्या दिव्यांना बाप-लेक समजून हसले, हळहळले. दिव्याला तोंड नाही, डोळे नाहीत. काही सांधे आहेत, बस्स. वस्तू आणि पात्र यांच्यातली सीमा त्या दिवशी पुसली गेली असं मी म्हणेन. नऊ वर्षांनी ‘टॉय स्टोरी’ आला. त्यातल्या वुडी या बाहुल्याच्या रिगमध्ये हालचालीचे ७२३ ताबे होते. त्यातले २१२ चेहऱ्याचे, आणि त्यातलेही ५८ नुसत्या तोंडाचे.

आता जात्यावरून उठून गोठ्यात जाऊ, कारण खरी श्रीमंती तिथे आहे. परभणी, नांदेड, लातूर या भागातला लालकंधारी बैल घ्या. गडद तांबडा रंग, भरदार वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी. हा बैल बांधायला बसलेल्याची पहिली फसगत पायांपाशी होते. बैलाच्या मागच्या पायात जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. तो गुडघा नाही, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी, कातडीखाली दडलेला असतो. पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे त्याचं मनगट. आणि खूर म्हणजे दोन बोटं, आपल्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची भावंडं. बैल जन्मभर नखांच्या टोकांवर चालतो. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मुलं शरीररचनेत जे शिकतात, तेच रिगरला शिकावं लागतं. फरक इतकाच, की त्याची परीक्षा प्रेक्षक घेतात, आणि त्या प्रेक्षकांत बैल पाळलेला शेतकरी बसला असेल तर ती परीक्षा फार कठीण असते.

यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट खांद्याची आहे. माणसाचा हात गळपट्टीच्या हाडाने छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला असतो. बैलाला गळपट्टीचं हाड नसतंच. त्याच्या पुढच्या पायाचा उरलेल्या सांगाड्याशी हाडाचा एकही सांधा नाही. खांद्याचं रुंद फरं बरगड्यांवर नुसतं टेकलेलं असतं आणि स्नायूंनी बांधलेलं असतं. दोन पुढच्या पायांच्या मध्ये बैलाची छाती अक्षरशः स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते, आणि शरीराचं निम्म्याहून अधिक वजन त्या झोळीवर असतं. म्हणून बैल चालतो तेव्हा फरी आळीपाळीने वर येतात, कातडीखालून सरकतात, आणि वशिंडाच्या दोन्ही बाजूंनी ती संथ लाट जाताना दिसते. रिगमध्ये फऱ्याला खिळीसारखा सांधा दिला तर बैल लाकडी दिसतो. त्याला घसरायची वाट द्यावी लागते: बरगड्यांच्या वक्रावरून वरखाली, पुढेमागे, आणि थोडंसं फिरतही. हे एकदा जमलं की नुसत्या राखाडी, रंग न भरलेल्या बैलातही अचानक वजन येतं.

हाडं बसवली की कातडी त्यांच्याशी बांधायची. याला स्किनिंग म्हणतात. कवचाच्या प्रत्येक बिंदूला विचारलं जातं, तू कोणत्या हाडाचं किती ऐकणार? मांडीच्या मधला बिंदू म्हणतो, शंभर टक्के मांडीच्या हाडाचं. सांध्यावरचा बिंदू म्हणतो, निम्मं याचं, निम्मं त्याचं. सगळ्या वाट्यांची बेरीज एक यायला हवी. रिगर हे वाटे ब्रशने रंगवतो. एका हाडाची सत्ता जिथे पूर्ण तिथे लाल, जिथे शून्य तिथे निळा, मध्ये हिरवा-पिवळा. पोळीच्या कडेला, वशिंडाच्या बुडाशी, कानाच्या मुळाशी तासन्‌तास हे रंगकाम चालतं.

आणि इथे गणित एक खोडी काढतं. जनीच्या हाताकडे परत बघा. तिने तळहात पालथ्याचा उताणा केला, म्हणजे मनगट १८० अंश फिरलं. कोपराकडचं हाड जागेवर. मधल्या बिंदूला दोघांचं निम्मं निम्मं ऐकायचं आहे. कोपराचं हाड सांगतं, तू उजवीकडे आहेस. मनगटाचं हाड सांगतं, तू डावीकडे आहेस. सरासरी काय? हाताचा मधला अक्ष. त्याभोवतीचे सगळे बिंदू अक्षावर येऊन पडतात आणि भरलेला हात मध्येच सुतासारखा बारीक होतो. दोन्ही टोकांना पीळ घातलेल्या चॉकलेटच्या कागदासारखं दिसतं म्हणून जगभरचे रिगर या दोषाला त्याच कागदाचं नाव देतात. खऱ्या हातात असं होत नाही, कारण तिथे दोन हाडं आहेत आणि तळहात पालथा करताना एक हाड दुसऱ्याला ओलांडून जातं. बैलाची ती दोन हाडं एकमेकांना जुळून गेलेली असतात, म्हणून त्याला खूर उताणा करता येत नाही, आणि त्याच्या रिगला हा आजार होत नाही.

उपाय जिथून आला ती वाट फार सुंदर आहे. डब्लिनमध्ये १६ ऑक्टोबर १८४३ रोजी विल्यम रोवन हॅमिल्टन हा गणिती कालव्याकाठाने चालला होता. त्रिमितीतल्या फिरण्याचा गुणाकार कसा करायचा हे त्याला पुलापाशी आल्यावर सुचलं आणि त्याने ते सूत्र पुलाच्या दगडावर कोरलं. त्या संख्यांना क्वाटर्निअन म्हणतात. त्यांचंच एक विस्तारलेलं रूप वापरून २००७ मध्ये लादिस्लाव कावान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिंदूंच्या जागांची सरासरी काढण्याऐवजी फिरण्याचीच सरासरी काढायची रीत दिली. निम्मं फिरणं म्हणजे ९० अंश फिरणं. बिंदू अक्षावर कोसळत नाही, तो चापावरून वळतो, आणि हात हातच राहतो. संगणक स्वप्नातही नव्हता तेव्हा कोरलेलं सूत्र दळणाऱ्या बाईचं मनगट वाचवतं.

बैल उभा राहिला, आता त्याला गाडीला जुंपू. बैलगाडी ही रिगरच्या भाषेत प्रॉप, म्हणजे वस्तू. पण ही वस्तू पात्रांवर टेकलेली आहे. दोन चाकांची गाडी एकटी उभी राहत नाही. तिची दांडी जुवावर, जू दोन मानांवर. म्हणून जुवाची जागा दोन मानांच्या मधोमध काढायची, आणि एक मान वर, एक खाली असेल तेवढं जू तिरकं करायचं. मग दांडी जुवाकडे बघेल, गाडीची बैठक दांडीचं ऐकेल, आणि सगळं आसावर डोलेल. आसापासून जू तीन मीटर पुढे असेल आणि चालताना मान पाच सेंटिमीटर वर गेली, तर आसामागे दीड मीटरवर बसलेली आजी अडीच सेंटिमीटर खाली जाते. तिला कुणी ॲनिमेट केलेलं नाही. बैलाच्या मानेने तिला हलवलं.

चाकं तर पूर्णपणे हिशेबावर चालतात. चाकाची त्रिज्या ७५ सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात गाडी ४.७१ मीटर जाते. शंभर मीटर जायला सव्वाएकवीस फेरे. हे रिगमध्ये सूत्र म्हणून लिहून टाकायचं, म्हणजे गाडी सरकली की चाक आपोआप तेवढंच फिरतं, मागे सरकली की उलटं. हिशेब चुकला तर लोखंडी धाव मातीवरून घसरताना दिसते आणि डोळा ताबडतोब तक्रार करतो. वळणावर आणखी गंमत आहे. खळ्याभोवती गाडीने पूर्ण फेरी मारली, आतलं चाक चार मीटर त्रिज्येच्या वाटेवर आणि बाहेरचं ५.३ मीटरच्या, तर आतलं चाक सुमारे सव्वापाच वेळा फिरतं आणि बाहेरचं सात. एकच सूत्र दोन्ही चाकांना लावणाऱ्याची गाडी वळणावर खोटी पडते. सुतार हे अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. त्याची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात.

पायांचं काय? जात्याचाच न्याय. जगात खूर जमीन मागे रेटतात आणि धड पुढे जातं. रिगमध्ये धड पुढे जातं, खूर जमिनीला खिळून राहतात आणि पाय त्यांच्यामागे वाकतात. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, असा बैलाच्या चालीचा क्रम. पावसानंतरच्या काळ्या रानात तेच पाऊल खोल रुततं आणि खुराच्या दोन फाकी जरा उघडतात. त्या उघडण्यासाठीही वेगळा ताबा लागतो. असा ताबा द्यायचा सुचणं हे रान पाहिलेल्या माणसाचं काम आहे.

जू मानेवर कायमचं नसतं हेही ध्यानात ठेवावं लागतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जुवाने वर्षभर घासलेली ती जागा हळद-लोणी लावून चोळतात. रिगरच्या नकाशात नेमकी तीच जागा बैल आणि गाडी यांच्यातला दुवा असते. पोळ्याला गाडी टेकूवर उभी आणि बैल झूल पांघरून मोकळा. म्हणून रिगमध्ये एक कळ ठेवायची: जुंपलेलं असताना दांडी मानेचं ऐकेल, सोडल्यावर टेकूचं. कळ दाबताना गाडीने एका केसाइतकीही उडी मारता कामा नये. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण कुणाचा ताबा कुणाकडून कुणाकडे गेला हे प्रेक्षकाला कळू न देता सोपवणं, यात रिगरचं कसब जितकं दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

सगळ्यात अवघड काय विचाराल तर मी कासरा म्हणेन. एक टोक माणसाच्या मुठीत, दुसरं वेसणीशी. दोन्ही टोकं हलती, आणि दोरीची लांबी पक्की. संगणकात दोरी म्हणजे लहान लहान सांध्यांची माळ असते, एका वक्र रेषेवर ओवलेली. प्रश्न त्या वक्राचा. तीन मीटर कासऱ्याची दोन टोकं २.९९ मीटरवर असली, म्हणजे दोरी फक्त एक सेंटिमीटर सैल असली, तरी ती मध्ये सुमारे साडेदहा सेंटिमीटर झोळते. पाच सेंटिमीटर सैल असली तर तेवीस-चोवीस सेंटिमीटर. एवढीशी ढील आणि एवढा झोळ! म्हणून बैलाने मान थोडी हलवली की कासरा मोठ्याने हलतो, आणि तो हलला नाही तर दोरी तारेसारखी दिसते. आणि गाडीवानाने कासरा खेचला की? तोवर बैलाचं डोकं मोकळं होतं, दोरी त्याच्यामागे जात होती. झोळ संपून दोरी ताठ झाली त्या फ्रेमला डोकं दोरीच्या मागे जाऊ लागतं. सत्ता मुठीकडे गेली. चांगलं रिग हा क्षण ॲनिमेटरला हाताळू देतं. ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघावर झालेल्या कामात ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीच्या मुंबई आणि हैदराबादच्या शाखांचाही वाटा होता. त्या वाघाची कातडी हाडांवरून कशी सरकते ते एकदा मुद्दाम बघा. चार पायांच्या जनावराचं असं काम आपल्या माणसांच्या हातून झालेलं आहे.

आणि त्यासाठी आता स्टुडिओच हवा असंही नाही. नेदरलँड्सच्या टोन रोसेंडालने ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून सर्वांसाठी खुलं केलं. वर्गणी जमायला सात आठवडे लागले. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने ब्लेंडरमध्ये केलेला ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. त्यात एकही संवाद नाही. सगळा भार जनावरांच्या अंगांवर आहे, म्हणजेच त्यांच्या रिगवर. तेच ब्लेंडर सेलूत किंवा पाथरीत बसलेल्या मुलीला फुकट उतरवून घेता येतं. घोड्याचं, कुत्र्याचं तयार रिग सहज मिळतं. पेरणीची तिफण मात्र तिलाच बांधावी लागेल, टेप घेऊन, सुताराला विचारून. फण जमिनीत किती जातात, नळे चाड्याखाली कोणत्या कोनात बसतात, रुमणं दाबलं की काय उचललं जातं, हे बघून.

ज्वारी पेरायची तिफण असेल तर चाड्यावर मूठ धरलेला हात असतो. हा हात जात्यावरच्या हाताचा सख्खा भाऊ. चाडं पुढे जातं, हात त्याच्यामागे जातो, खांदा हाताच्या मागे, आणि चालणारी पावलं ढेकळांवर टेकत येतात. प्रत्येक बोटाला तीन सांधे, मुठीला एक ताबा: घट्ट, सैल, त्याहून सैल. या ताब्याने दाणे सुटतात. सुटलेल्या दाण्याला मात्र रिग नसतं, कारण त्याला धरणारं आता काही नाही. तिथून पुढचं काम गुरुत्वाकर्षणाच्या गणिताचं. चाड्यापासून जमीन मीटरभर खाली धरली आणि दाणा नळ्यातून सरळ पडला, तर अकराव्या फ्रेमला तो तासात असतो.